तेरावं लॉक

“लेथ, इकडे ये जरा. हे काय आहे?” मिस्त्रींनी डबी माझ्या नाकासमोर धरली.

मी लेथवर, म्हणजे धातू कापायच्या यंत्रावर काम करतो म्हणून मला लेथच म्हणतात. खरं नाव आता बायकोच्याच लक्षात असावं.

तेलकट डबीत एक लॉक पडलं होतं. तान्ह्या बाळाच्या हातात बांगडी म्हणून बसेल, एवढी तारेची कडी. पिस्टनची पिन आडवी सरकून सिलिंडर खरवडू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक बसवतात. सहा पिस्टन, बारा लॉकं. नव्या पाकिटात बाराच होती आणि इंजिन तर वरून हेड, खालून ऑइल चेंबर लावून बंद झालं होतं.

“तुम्ही बारा बसवली होती ना?”

“मला वाटतं, बसवली होती.”

बावीस वर्षांत मिस्त्रींच्या तोंडून मी ‘मला वाटतं’ कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी झाडताना लेथखालच्या जुन्या केरात एक लॉक सापडलं होतं. मिस्त्रींचंच पडलं असेल, म्हणून मीच ते डबीत टाकलं होतं. ते मागच्या कुठल्या तरी इंजिनाचं असणार. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मी ते वाक्य गिळलं.

कारण भिंतीवरच्या खिळ्याला मिस्त्रींचा इस्त्रीचा शर्ट टांगलेला होता. त्यांना तांत्रिक शाळेत शिकवायची नोकरी लागली होती. आज पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. “खुर्ची आहे, फळा आहे,” ते महिनाभर सांगत होते, “आणि खिडकी आहे रे!” आमच्या खोलीला खिडकी नाही. ते गेले की या खोलीत मी आणि मालक.

मालक आलेच. शर्यतीच्या ट्रकचं इंजिन, नेहमीच्या दुप्पट ताकदीचं. न्यायला गाडी यायची होती.

“बसवली असतील हो! एवढी वर्षं करताय,” मालक म्हणाले. “तुम्ही निघा, मिस्त्री. तुम्हाला उशीर होईल.”

बावीस वर्षं ‘एवढं इंजिन होऊ द्या, मग बघू’ म्हणत ज्याने त्यांना अडकवून ठेवलं, तोच माणूस आज दार उघडून उभा होता. मिस्त्रींनी शर्टाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता.

“त्या ट्रकमध्ये माणूस बसणार आहे,” ते म्हणाले. “लेथ, पाना दे.”

हेड उचललं. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारी पातळ चकती, एकदा आवळली की वाया जाते, तीही गेली. चेंबर काढलं, पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सोडले. पहिला पिस्टन वर आला. दोन्ही लॉकं जागच्या जागी. दुसरा, तिसरा, तसंच. प्रत्येक पिस्टन निघताना मी मनात म्हणत होतो, यात एक कमी असू दे. म्हणजे मी सुटलो.

चार वाजता मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. त्यांचे हात तेलाचे, म्हणून मीच फोन त्यांच्या कानाला धरला.

“निघालात का?” मलाही ऐकू आलं.

“निघतोय.”

“शर्टाची घडी मोडू नका हं.”

“नाही मोडत.”

त्यांनी मान हलवली, मी फोन ठेवला. अजूनही सांगता आलं असतं. पळत गेले असते तर पोहोचलेही असते. मी पुढचा बोल्ट सोडला. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, हे आज लिहितानाही हात अडतो.

सहावा पिस्टन बाहेर आला तेव्हा पाचला दहा कमी होते. बाराच्या बारा लॉकं जागेवर होती.

“बघा, मी म्हटलं होतं!” मालक खूश होऊन निघून गेले.

मिस्त्रींनी तेरावं लॉक डबीतून काढून दिव्याखाली धरलं. तेलात काहीतरी चमकत होतं. पितळेचा बारीक कीस. आमच्या खोलीत पितळ फक्त माझ्या लेथवर कापलं जातं.

त्यांनी कीस बोटाने पुसला. आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्या लेथकडे.

“सकाळी झाडलंस ना तू?”

“हो.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी लॉक माझ्या हातावर ठेवलं.

“उद्यापासून काही सापडलं, तर माझ्या हातात देत जा.”

उद्यापासून. घड्याळात पाच वाजून गेले होते.

“नवीन गॅस्केट काढ,” ते म्हणाले.

पिस्टन परत आत गेले. मिस्त्रींनी ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क पाना घेतला. रॉडचे बोल्टही बाराच. इतकी वर्षं ते मनातल्या मनात मोजत आले होते. त्या दिवशी एकेक बोल्ट आवळताना त्यांनी आकडा मोठ्याने म्हटला, मला ऐकू जाईल असा. आणि प्रत्येक आकड्याला मी ‘हो’ म्हणत गेलो.