सपाट रस्त्याची घागर

मेंबरीण सकाळी विहिरीवरून आली, उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, घागर उतरवायला हात द्या की जरा."

मेंबर खुर्चीत बसून लेकीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक वाचत होते. "एवढं पान संपू दे," म्हणाले.

पान काही संपेना. भरलेली पितळी घागर एकटीला डोक्यावरून उतरवता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेवटी मीच शेजारून धावले आणि दोघींनी मिळून ती खाली घेतली. तेव्हा कुठे मेंबरांनी मान वर केली.

"अगं, तू तर कामच केलं नाहीस!"

"काय?"

"इथं छापलंय बघ. जोर लावला आणि वस्तू त्याच दिशेला सरकली, तरच ते काम. घागरीचं वजन खाली, तुझा जोर वर, आणि तू चाललीस आडवी. म्हणजे काम शून्य! विहिरीपासून रस्ता सपाट आहे ना? चढ असता तर गोष्ट वेगळी होती."

"आणि माझी मान मोडली ती?"

"मानेचं पुस्तकात नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवरा शेजारणीचा, किती बोलणार? मेंबरीण नुसती पदरानं तोंड पुसत होती, ते मला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी शाळेत गावची सभा होती. पंचायतीकडे पैसा होता तो एकाच गोष्टीपुरता. एक तर आमच्या आळीपर्यंत नळ, नाहीतर गावाच्या तोंडाशी कमान. कमानीवर सगळ्या पंचांची नावं कोरायची होती, त्यामुळे निम्म्या पंचांना ती फार गरजेची वाटत होती. आमच्या आळीतल्या बायकांचा अर्धा जन्म विहिरीच्या वाटेवर गेलेला, नळ आला असता तर उरलेला तरी सुटला असता. दोन्ही बाजू सारख्याच भरत होत्या, निकाल मेंबरांच्या एका हातावर अडला होता. आणि नेमकं त्याच सकाळी त्यांना ते पान सापडलं.

सभेत मेंबर कडक इस्त्रीत उभे राहिले. "आया-बहिणींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले, "पण शास्त्र काय म्हणतं? सपाट रस्त्यानं पाणी वाहण्यात काम शून्य. जे काम होतच नाही, ते वाचवायला नळ कशाला? विचारा हेडमास्तरांना!"

हेडमास्तर कमानीच्या बाजूचे नव्हते की नळाच्याही नव्हते, ते बदलीच्या बाजूचे होते. "व्याख्येप्रमाणे बरोबर आहे," एवढं बोलून ते बोटांवरचा खडू झटकत बसले.

तेवढ्यात मेंबरीण उठली. ती सभेत आजवर कधी बोलली नव्हती.

"मास्तर, घागर डोक्यावर घेऊन एका जागी नुसतं उभं राहिलं, तर काम किती?"

"शून्यच, ताई. काही सरकलंच नाही ना."

"मग ह्यांना उभं करा. सभा संपेपर्यंत."

सगळी खोली हसली. मेंबरांना आता माघार घेता येईना. "आणा!" ते म्हणाले, "शून्य म्हणजे शून्य!"

सभेला प्यायचं पाणीसुद्धा आम्हीच आणतो. मेंबरिणीची घागर कोपऱ्यात काठोकाठ भरलेली होती. आम्ही मेंबरांच्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि तिच्यावर घागर चढवली.

मग सभेला रंग चढला. एरवी घरी पळायला टपलेल्या माणसांना आज एकेक विषय आठवू लागला. कुणी गटाराचं काढलं, कुणी मोकाट जनावरांचं. सरपंचांनी मागच्या सभेचा वृत्तांत वाचला, आणि नीट ऐकू आला नाही म्हणून आम्ही तो परत वाचायला लावला. मेंबरांची मान खांद्यात शिरत चालली आणि घाम नाकावरून गळायला लागला.

"अहो, घाम कसला?" मेंबरिणीनं विचारलं. "काम तर शून्य."

हेडमास्तरांना पहिल्यांदाच गंमत वाटली असावी. "घाम येणारच," ते म्हणाले. "वस्तू हलली नाही तरी स्नायू ताणलेले राहतात. अंगातली ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते. पुढच्या धड्यात दिलंय. मेंबर अजून तिथवर पोचले नसतील."

"हात दे गं," मेंबर कळवळले. घागर टाकून द्यावी, तर पायाखाली सरपंचांची नवी सतरंजी होती.

"देते की. आधी नळाला हात वर करा."

सरपंचांनी पंचांची मतं मागितली. कमानीला बाकीच्यांतले निम्मे हात वर झाले. नळालाही बरोबर तेवढेच, राहिले फक्त मेंबर. मेंबरांचे दोन्ही हात घागरीला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती आढ्याकडे बघत होती. शेवटी त्यांचा उजवा हात सुटला आणि वर गेला.

घागर डावीकडे कलली. मेंबर, इस्त्री आणि सतरंजी, तिघांनाही आंघोळ झाली. सरपंच बाकावर चढून ओरडले, "नळ मंजूर!"

आम्ही टाळ्या पिटल्या. मला तर रडूच आलं. मेंबरिणीनं मात्र रिकामी घागर उचलली, तिला पोचा आलाय का ते पाहिलं आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"घरात प्यायला थेंब नाही. जा, भरून आणा. रस्ता सपाट आहे."

सगळ्या गावादेखत मेंबर ओल्या कपड्यांनी विहिरीकडे गेले. परत येऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

"अगं, घागर उतरवायला हात दे जरा."

मेंबरीण खुर्चीत बसली होती. मांडीवर लेकीचं पुस्तक होतं.

"एवढा धडा संपू दे," ती म्हणाली.

या वेळी मी काही शेजारून धावले नाही. धडा बराच मोठा असावा.