तीन डोक्यांचा अजगर आणि परकं कार्ड

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीला झाकण नाही. पोटातल्या एका कप्प्याची पट्टी करवतीने कापलेली आहे. पाठीमागच्या भोकातून जाड वायरींचा एक झुबका बाहेर येतो आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या पॉवर सप्लायला जाऊन मिळतो. तो पॉवर सप्लाय माझा नाही. बघणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याला मोठा अपघात झाला असावा. तसं काही नाही. ह्याला घानातल्या आमच्या कुमासी शहरात सुधारणा म्हणतात. मी टेबलाखाली बसणारा, भारी कामाचा, जुना संगणक आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे.

माझं घराणं फार शिस्तीचं. कारखान्यात घडवतानाच आमच्यावर एक संस्कार झाला: आपल्या कंपनीचा सुटा भाग आला तर गप्प राहायचं, परका आला तर ओरडायचं. हात-पाय नसलेल्याने ओरडायचं म्हणजे काय, तर पीं पीं करायचं आणि पडदा काळा ठेवायचा. आम्ही ह्यालाच चारित्र्य समजत होतो.

माझी पहिली नोकरी नेदरलँड्समधल्या एका कचेरीत. तिथे मी सांडपाण्याच्या पाइपांची चित्रं काढत असे. माझ्या पोटात कंपनीचंच एक ग्राफिक्स कार्ड होतं. मित्रांनो, पडद्यावर जे चित्र दिसतं त्याची मेहनत हे कार्ड करतं आणि कौतुक पडद्याचं होतं. माझं कार्ड सरळमार्गी होतं. पाइप दिला की पाइप काढी. पण सांडपाण्याचा पाइप बघून कोणी वाहवा करत नाही. पुढे कचेरीत नवे संगणक आले, आणि मला जुने फ्रीज व वापरलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर जहाजावर चढवलं गेलं. त्या कपड्यांना घानामध्ये 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' म्हणतात. माझा गोरा चांगला जिवंत होता, पण त्याची चौकशी कोणी केली नाही.

कुमासीत मला बाफुरने आपल्या दुकानात आणलं. बाफुर सिनेमातले चमत्कार करतो. नट नुसता हात वर करतो आणि त्या हातातून आग काढायची ती बाफुरने. पहिल्याच आठवड्यात मी एका पाद्र्याच्या बोटातून वीज काढली आणि एका लबाड दिराचा बोकड केला. पाइपांनंतर हे काम मला किती आवडलं ते मी लपवणार नाही. बाफुर धूळ पुसताना माझ्या पाठीवर थाप मारी. कचेरीत मला कधी कोणी शिवलंही नव्हतं.

मग आला अजगर.

सिनेमा आफ्रियी मावशींचा होता. मावशी म्हणजे बाजारातल्या टोमॅटोवाल्यांची राणी. भाव त्या सांगतात, भांडणं त्या मिटवतात, आणि त्या सिनेमा काढतात तेव्हा सगळ्या टोमॅटोवाल्या तिकिटं घेतात. गोष्ट सोपी होती. एक हावरट घरमालक विधवेचं घर बळकावतो, आणि विहिरीतून अजगर निघून त्याला मोटारीसकट गिळतो. अजगराला डोकं एक. तेवढं माझं कार्ड धापा टाकत का होईना, ओढत होतं.

पण आमच्याकडे सिनेमाचं पोस्टर आधी रंगतं आणि सिनेमा मागाहून पुरा होतो. पोस्टर रंगवणारे डार्क्वा मास्तर. त्यांना फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांचा गोळा, आणि शेंगदाण्याचं कालवण वाढायचं, जेवता जेवता गोष्ट सांगायची, की ते पिठाच्या पोत्यांचा कापडपट शिवून चित्र काढतात. ते पोस्टर भोंगे लावलेल्या गाडीवर चढलं, मागे बँड लागला, अख्ख्या कुमासीला फेरी झाली. सगळ्यात शेवटी ती गाडी आमच्या दारात आली. बाफुरने वर पाहिलं आणि खालीच बसला.

"मास्तर, अजगराला तीन डोकी?"

"दोन पोती जोडली होती," डार्क्वा मास्तर म्हणाले. "एक डोकं काढलं असतं तर अर्धं पोतं रिकामं राहिलं असतं."

"पण सिनेमात एकच आहे."

"मग सिनेमा चुकलाय. पोस्टर लोकांनी बघितलंय."

आफ्रियी मावशी गाडीतून उतरल्या. "बाफुर, मी सगळ्या बायकांना तीन डोकी म्हणून तिकिटं दिलीत. शनिवारी दोन कमी निघाली तर सोमवारी बाजारात मला कोण राणी म्हणेल? टोमॅटो तरी कोणी मोजून देईल का?"

"मावशी, हा डबा जुना आहे. एका डोक्यालाच ह्याला घाम फुटतो."

मावशींनी मला असं न्याहाळलं जसं पिचलेल्या टोमॅटोला न्याहाळतात. "मग हा भंगारात दे. वायरी जाळून तांबं निघेल. शनिवारपर्यंत तीन डोकी, नाहीतर ह्याची तीन पोती."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटातला पंखा थांबला. बाफुरला वाटलं धूळ अडकली.

त्याने तीन डोकी मांडून पाहिली. माझ्या सरळमार्गी कार्डाने पहिलं डोकं काढलं, दुसऱ्याची मान काढली आणि चित्र जिथल्या तिथे गोठलं. बाफुरने राजधानीत कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "त्यात फक्त आमचंच कार्ड चालतं. दुसरं घातलं तर जबाबदारी तुमची."

"ती आत्तापर्यंत तुमची होती हे मला माहीत नव्हतं," बाफुर म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच्या मेव्हण्याकडे खेळांचा एक संगणक होता. वीज जाऊन एकदम परत आली तेव्हा त्याचा मदरबोर्ड जळला, पण ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय वाचले होते. बाफुर दोन्ही घेऊन आला. ते कार्ड भलत्याच कंपनीचं, विटेएवढं जाड, दोन पंख्यांचं, आणि अंगावर लाल दिवे. आमच्या घराण्यात दिवे लावण्याची पद्धत नव्हती.

ते माझ्यात मावेना. बाफुरने करवत घेतली आणि कप्प्याची पट्टी कापली. त्याला लागणारी विजेची पिन माझ्या पॉवर सप्लायला नव्हतीच, म्हणून मेव्हण्याचा पॉवर सप्लाय स्टुलावर बसवून वायरी मागून आत घेतल्या. जुनं कार्ड वरच्या खाचेत तसंच राहू दिलं, नवं खाली. बटण दाबलं. मी संस्काराप्रमाणे ओरडलो.

बाफुर चिडला नाही. "ओरड, बाबा," तो म्हणाला. "वहिनी घरात आली तेव्हा माझी आईपण अशीच ओरडली होती. आता दोघी मिळून माझ्यावर ओरडतात."

मग त्याने कारण शोधलं. मला जागं करणारा जो आतला प्रोग्राम असतो तो इतका जुना होता, की हे कार्ड जन्माला आल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. बाफुरने परकं कार्ड काढून ठेवलं आणि इंटरनेटवरून नवा प्रोग्राम उतरवून माझ्यात भरला. तो भरताना वीज गेली असती तर मी कायमचा झोपलो असतो, आणि आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. ती राहिली. बाफुरने कार्ड पुन्हा बसवलं. ह्या वेळी मी एकदाच, हळू, पीं केलं. आमच्यात त्याचा अर्थ 'या' असा होतो.

आणि मग काय सांगू. ज्या मानेवर आम्ही अडलो होतो ती त्या कार्डाने चहा गाळावा तशी गाळून दिली. पाठोपाठ दुसरं डोकं. पाठोपाठ दुकानातले सगळे दिवे गेले.

शेजारी अद्वुबीताईंचं केसांचं दुकान आहे. दोन्ही दुकानांना वायर एकच. नवं कार्ड जोर लावतं तेव्हा ताईंचे केस वाळवायचे टोप चालत नाहीत. दोन्ही एकदम चालले की फ्यूज उडतो. अद्वुबीताई ओल्या हातांनी दारात आल्या.

"बाफुर, उद्या शुक्रवार आहे. शनिवारी चार घरची अंत्यविधीची जेवणं आहेत. सगळ्या बायकांना केस करून हवेत, आणि तू माझे टोप बंद करतोस? कशासाठी, सापासाठी?"

"अजगर आहे, ताई. एकच डोकं राहिलंय."

"तीन डोक्यांचा ना? मी तिकीट घेतलंय." ताई माझ्या पडद्याशी वाकल्या. "तिन्ही टकली का?"

"अजगर आहेत ते."

"म्हणजे काय झालं. हे बघ, उद्या मी टोप बंद ठेवते, बायकांचे केस उन्हात वाळवते. पण तिसऱ्या डोक्याला माझ्या वेण्या घाल. नीट घाल. माझ्या दुकानाच्या पाटीवर आहेत तशा."

बाफुरने माझ्याकडे पाहिलं. कार्डाचे लाल दिवे लुकलुकले. मला तो होकार वाटला.

शुक्रवारी आमच्या दुकानासमोर फुटपाथवर बायका ओळीने खुर्च्या टाकून, केस मोकळे सोडून, उन्हात बसल्या होत्या आणि आळीपाळीने आत येऊन वेण्यांत चुका काढत होत्या. "ही सैल आहे." "भांग वाकडा पडलाय." "डाव्या कानामागे अजून एक घाल." अजगराला कान नसतात हे सांगायचं धाडस बाफुरने केलं नाही. जुनं कार्ड वरून पडदा सांभाळत होतं, नवं खालून डोकी काढत होतं, आणि दोघांना वारा घालायला माझं झाकण काढून टेबलफॅन लावला होता. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सुंदर दिवस.

शनिवारी संध्याकाळी लोक अंत्यविधीच्या जेवणावरून थेट आले, शोकाच्या काळ्या-लाल वस्त्रांतच. मला सिनेमाच्या हॉलमध्ये नेऊन मोठा पडदा जोडला होता, म्हणून मी सगळं पाहिलं. विहिरीतून पहिलं डोकं आलं, लोक मागे सरले. दुसरं आलं, मुलं खुर्च्यांवर चढली. मग वेण्या घातलेलं तिसरं डोकं सावकाश वर आलं, त्याने घरमालकाकडे बघितलं, मान झटकून वेण्या मागे टाकल्या आणि मोटार गिळली. सगळ्या टोमॅटोवाल्या उभ्या राहिल्या. एकजण ओरडली, "बाई असावी तर अशी." तो भाग पुन्हा दाखवावा लागला. मग पुन्हा.

आफ्रियी मावशी मागे आल्या, माझ्यावर हात ठेवला आणि बाफुरला म्हणाल्या, "हा डबा भंगारात द्यायचा कोण म्हणत होतं रे?"

"कोणीतरी असेल बाजारातलं," बाफुर म्हणाला.

सोमवारपासून अद्वुबीताईंच्या दुकानात बायका येऊन 'तिसरं डोकं' घालून मागतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. घरातल्या जुन्या यंत्राची धूळ अधूनमधून पुसत जा. ते ओरडलं तर लाथ मारू नका, ते का ओरडतंय ते आधी बघा. त्याला भंगारात काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, आत जागा असेल. परकं कोणी आलं तर थोडं कापून, थोडं सरकून घ्यावं लागतं, एवढं मी स्वानुभवाने सांगतो. कापलेलं फारसं दुखत नाही.

काल डार्क्वा मास्तर पुढच्या सिनेमाचं पोस्टर घेऊन आले होते. ह्या वेळी त्यांनी पोती पाच जोडली आहेत. बाफुर खालीच बसला. मी मात्र घाबरलो नाही. माझ्या पोटात अगदी तळाला अजून एक खाच रिकामी आहे.