चावडीची तुळई

पांढऱ्या मातीची पाटी खाली ओतून जगदेवीनं वर बघितलं. चावडीच्या माळवदावरची निम्मी माती अजून तशीच होती, आणि पाडायचं मशीन वडवणीहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

चावडी पाडायचं काम घेतलं होतं गुत्तेदार राधाकिशननं. काल धुरानं काळी पडलेली लाकडं बघून त्यानं नाक मुरडलं होतं. "मशीन यायच्या आत न्यायचं ते न्या. जळण तरी हुईल."

जळण म्हणे! जगदेवी तेव्हा मुद्दाम गप राहिली. पत्र्याखाली दोन उन्हाळे काढले होते तिनं, पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून. आता तिला मातीच्या भिंतींचं, माळवदाचं घर बांधायचं होतं. दगडमाती गावात मिळाली असती, पण मधली तुळई कुठून आणायची? चावडीतली अकरा हात होती. गावातल्या शेवटच्या गवंड्यानं, धोंडीमामानं, ती नुसती बोटानं वाजवून सांगितलं होतं, "पोरी, आतून सागवान हाय. कुणाला बोलू नको."

"दोन्हीकडून सारखी माती काढा," मामा माळवदावर चढलेल्या पोरांना ओरडून सांगत होता. "एकीकडं वझं राहिलं तर खांब कलंडंल!"

तिचा नवरा महारुद्र खाली, हात पुरेल इतक्या ठेंगण्या तुळईपाशी उभा होता. माणूस सरळ, पण तोंडाला कुलूप नाही. बघायला चारसहा जण जमले, तशी त्याला उकळी फुटली. त्यानं विळ्यानं तुळईची काजळी खरवडली. आतून तांबूस लाकूड चमकलं.

"बघा बे! जळण म्हणत होते. सोनं हाय, सोनं!"

"कसलं सोनं?" मागून राधाकिशनचा आवाज आला.

जगदेवीच्या हातातली पाटी तिथंच थांबली.

राधाकिशननं तुळईवरून बोट फिरवलं. "हे न्यायचं न्हाई. सागवान माझं."

"शेठ, काल शब्द दिलता तुमी."

"जळणाचा दिलता, बाई. सागवानाचा कुठं दिला?"

महारुद्र विळा पाठीमागं लपवत होता. जणू लपवून काही फरक पडणार होता! जगदेवीनं त्याच्याकडं एकदाच बघितलं.

"कावून खरवडलं?" ती हळूच म्हणाली. मग डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. "मामा, उतरा खाली. शेठचं सामान शेठ काढतील."

धोंडीमामा आणि पोरं उतरली. वर एक बाजू नुकतीच मोकळी झालेली, दुसरीवर अजून हातभर माती. खांब करकरला. फळ्यांच्या फटीतून धूळ भुरभुरली आणि बघणारे दोन पावलं मागं सरले.

"चढा बे," राधाकिशन आपल्या दोन गड्यांना म्हणाला.

गडी जागचे हलले नाहीत. एक म्हणाला, "शेठ, लेकरंबाळं हायती आमाला. तुमीच चढा की."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मशीन घरघरत येऊन थांबलं. त्याचा दात लागला असता तर सागवानाच्या नुसत्या ढलप्या झाल्या असत्या. राधाकिशननं मशीनकडं बघितलं, माळवदाकडं बघितलं, कपाळ पुसलं.

"बरं, तुळईवरची आडवी लाकडं, कड्या तुमच्या. दगड तुमचे, मातीबी न्या. तुळई माझी. काढून द्या."

"तासभर मशीन थांबवा."

"थांबवतो."

जगदेवीनं चुंबळ परत डोक्यावर ठेवली. पदर खोचून तीच आधी शिडी चढली.

माती उतरली, कड्यांवरच्या फळ्या उतरल्या, मग एकेक कडी. शेवटी सहा जणांनी दोराला लोंबकळत तुळई खाली घेतली. कुठं चरा नाही की चीर नाही. मामानं तिच्यावरून हात फिरवला आणि दुसरीकडं तोंड केलं.

राधाकिशनचा टेम्पो आला. तुळई त्यात मावेना. चार हात बाहेर राहू लागली.

"काप बे मधून," तो म्हणाला.

"शेठ, कापली तर तुळई ऱ्हाईल का ती?" धोंडीमामा कळवळला.

"घेऊन तर जाऊ दे!"

करवत फिरली. भुसा जगदेवीच्या पायावर उडाला, तरी ती हलली नाही.

टेम्पो गेल्यावर महारुद्र पुटपुटला, "माझ्या जिभंनं घात केला."

"जिभंचं मागून बघू. ते टोक धरा."

सगळ्यांत लांब कडी दोघांनी घर बांधायच्या जागेवर आणली. मामा मागोमाग आला. पायाच्या आखणीची पांढरी फक्की मारलेली होती, अकरा हात. जगदेवीनं कडी आडवी टाकली. नऊ हात भरली.

ती खाली बसली. हातानं फक्कीची रेघ पुसली आणि दोन हात आत नवी ओढली.

"मामा," ती म्हणाली, "उद्या पाया हितून खांदा."