दाराशी ठेवलेला तक्ता

मी बोलतोय. इकडे, कपाटाच्या खालच्या खणातून, जुन्या फायलींच्या मागून. मी या दूतावासाचा बैठकीचा तक्ता. एका बुकबाइंडरनं जाड पुठ्ठ्यावर हिरवं कातडं चढवून मला घडवलं. मधोमध टेबलाची आकृती, भोवती चोवीस खाचा. मेजवानीला त्यांत पाहुण्यांच्या नावांची कार्डं खोचून मला दाराशी ठेवायचे, म्हणजे ज्याला त्याला आपली जागा सापडे. खरं सांगू? आपली जागा आधी कुणीच पाहत नाही. आपल्या वर कोण बसलंय, ते पाहतात.

एके सकाळी साहेबांनी मला एका नव्या मुलीच्या हाती दिलं. पदवीनंतर दोन वर्षं घासून ती परराष्ट्र सेवेची परीक्षा पास झाली होती. करार, वाटाघाटी असं काय काय डोक्यात घेऊन आली, आणि वाट्याला आलो मी! दुपारी तिच्या आईचा फोन आला.

"काय गं, काम काय दिलंय?"

"पाहुण्यांना कुठं बसवायचं ते ठरवते."

"अगं, ते तर तुझा मामा प्रत्येक लग्नात करतो, कुणी न सांगता!"

ती हसली, पण चेहरा पडलाच. उमेदवारीचं एक वर्ष होतं. शेवटी साहेबांचा शेरा चांगला आला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. दहा महिने तिनं कार्डं बिनचूक लावली. अकराव्यात घोळ झाला.

राजदूतांचा मान वयावर ठरत नाही, की देशाच्या आकारावर. ज्यानं इथल्या राष्ट्रप्रमुखांना आपल्या नेमणुकीचं अधिकारपत्र आधी सादर केलं, तो वर. हिनं घाईत देशात आल्याची तारीख धरली. एक राजदूत आधी आले खरे, पण आल्या आल्या आजारी पडले. मागून आलेल्या पांढऱ्या भुवयांच्या राजदूतांनी पत्र त्यांच्याआधी दिलं होतं. हिनं नेमकं त्यांनाच खाली बसवलं.

संध्याकाळी ते माझ्यासमोर थांबले, वळले आणि निघून जायला त्यांनी आपला कोट मागितला. साहेब धावले.

"माफ करा, आमच्या कारकुनाची चूक झाली."

कारकून त्या दिवशी रजेवर होता. मुलगी गप्प बसती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"कारकुनाची नाही," ती म्हणाली. "कार्डं मी लावलीत. मी तुमची इथं येण्याची तारीख धरली, पत्राची नाही."

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. राजदूतांनी कोट परत दिला.

"इतक्या ठिकाणी जेवलो, पण नेमकं काय चुकलं हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग स्वतःच दोन्ही कार्डांची अदलाबदल करून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला झापलं. "पाहुण्यांसमोर मला तोंडघशी पाडलंस!" ती गेल्यावर ते तिचा शेरा लिहायला बसले. मी तिथंच टेबलावर होतो. पहिली ओळ लिहिली: "उतावळी आहे." मग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. शेवटी दुसरी लिहिली: "खरं बोलते. कायम करावे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तिनं त्या राजदूतांचं कार्ड माझ्या मागच्या खिशात घालून ठेवलं. पुढं देशोदेशी फिरून ती इथंच राजदूत म्हणून परतली. आता जागा स्क्रीनवर ठरतात. तरी नवं कुणी रुजू झालं, की पहिल्या दिवशी ती मला बाहेर काढते आणि ते कार्ड वाचायला लावते.

पुढच्या महिन्यात ती निवृत्त होतेय. सामानाच्या यादीत माझ्यापुढं 'निकामी' असं लिहून झालंय. मला खुशाल मोडीत काढा, माझी तक्रार नाही. फक्त आधी मागच्या खिशात हात घाला. कार्डाच्या पाठीवर दोन तारखा आहेत आणि खाली तिच्या अक्षरात 'चूक माझी' एवढंच. तिच्या जागी जो येईल, त्याच्या हाती ते कार्ड द्या.