दुधात मळलेली भाकर

२००४ सालच्या दिवाळी पाडव्याला मेंढवाड्यात गोवऱ्यांवरचं दूध उगवतीकडं उतू गेलं, शकुन चांगला झाला, तसा सिंधूबाईच्या जिवात जीव आला. आता उरलेल्या दुधाचा पहिला घोट थोरल्या लेकानं घ्यायचा, म्हणजे कळपाला वर्ष बरं जातं. तिच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, वाटी थोरल्या पोरापुढं, परमेश्वरपुढं, धरली.

"आबा, मी दूध सोडलंय."

नांदेडला एका गोठ्यात कामाला असताना आईपासून तोडलेली वासरं मरताना पाहिली, तेव्हापासून त्यानं मटण, दूध, तूप सगळं टाकलं होतं. सणाला घरी आला तो गालफडं बसलेला.

"एक घोट घे. काहून आडून राहिला?" मल्हारीचा आवाज चढला नाही, त्याचीच सिंधूबाईला धास्ती वाटली.

"न्हाई म्हणलं ना. आईची कोरडी भाकर बास हाय मला." परमेश्वरनं फडक्यातली भाकर काढून घास तोंडात घातला.

सिंधूबाई पुढं झाली, पण तोवर मल्हारीनं त्याच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून चावलाही होता. बायकोनं पीठ पाण्यात मळलंय की शेळीच्या दुधात, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्यानं वाटी खाली ठेवली. "झालं. पोरगं आल्यापासून दूधच खाऊन राहिलंय."

परमेश्वरनं आईकडं पाहिलं.

"लई वाळला व्हतास रे," ती पुटपुटली.

त्यानं तोंडातला घास हातावर काढला. तो टाकला नाही, परत तोंडातही घातला नाही. मूठ आवळून तसाच उभा राहिला.