हापशीपाशी

नालवाडीतले किराणा दुकानदार प्रभाकरराव दर दिवाळीला, फटाके फुटण्याआधी, घरच्यांना बजावत, "आग लागली तं कोनी कोनाले शोधाचं नाई. सरळ समोरच्या हापशीपाशी याचं." घरचे माना डोलावून चिवड्याकडे वळत.

अठ्ठ्याण्णव साली भरदुपारी स्वयंपाकघरात गॅसची नळी पेटली. प्रभाकरराव दुकानातून धावत आले ते थेट धुरात शिरले. खोल्याखोल्यांतून हाका मारल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं, कोणीच नाही. शेजाऱ्यांनी ओली पोती टाकून आग विझवली, तेव्हा ते खोकत, भुवया करपवून बाहेर आले. बायको, मुलगा, सून हापशीपाशी ओळीनं उभे.

बायको प्रमिलाबाई कडाडल्या, "तुमीच सांगतलं होतं नं? मंग घरात काऊन शिरले?"

"तुमी माह्यं ऐकसान," प्रभाकरराव धापा टाकत म्हणाले, "हे मले काय मालूम?"