पस्तीस मिनिटं मागे

मित्रांनो, मी एक जुनी हजेरीची मशीन आहे आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, ही माझी पहिलीच विनंती. ज्यांनी ठेवला, त्यांनी एका माणसाची अकरा वर्षं गिळली आणि ढेकरही दिला नाही.

माझा जन्म चांगल्या घरातला. पोलादी अंग, काचेचा चेहरा, पोटात शाईची फीत. कामगाराने कार्ड तोंडात घातलं की मी खटकन वेळ छापायचे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी मला टांगलं. तिथल्या मॅनेजरसाहेबांना वेळेची फार कदर होती, विशेषतः दुसऱ्यांच्या. त्यांच्या हुकमावरून फाटकावरचा पहारेकरी मला सकाळी पंधरा मिनिटं पुढे ढकलायचा, म्हणजे वेळेवर आलेलेही उशिरा आलेले ठरत. जेवणाच्या सुट्टीनंतर खऱ्या वेळेच्या पस्तीस मिनिटं मागे खेचायचा, म्हणजे संध्याकाळचे सहा लवकर वाजत नसत. मनगटी घड्याळं फाटकावरच जमा. यंत्रात हात अडकू नये म्हणून, असं कारण होतं. साहेबांचा जीव फार हळवा.

"आपल्याकडे सूर्यसुद्धा साहेबांना विचारून मावळतो," असं लांब्या म्हणायचा. लांब्या म्हणजे लेथवरचा सगळ्यांत उंच कामगार, वय चोवीस.

एका संध्याकाळी सव्वासहाला दोन गल्ल्या पलीकडचं गोदाम कोणीतरी पेटवलं. आतला रखवालदार जळून गेला. आठवड्यापूर्वी लांब्याची गोदामवाल्याशी बाचाबाची झाली होती. पोलिसांना तेवढं पुरलं. लांब्या म्हणाला, सव्वासहाला मी लेथवर होतो. मग त्याचं कार्ड काढलं. त्यावर मी छापलं होतं, सहा वाजता बाहेर. तेव्हा जगात सहा पस्तीस झाले होते, पण जगाचं कार्ड कोण बघतो?

मला सील ठोकून कोर्टात नेलं. साहेब शपथेवर म्हणाले, "आमची मशीन सेकंदानेही चुकत नाही." पहारेकरी म्हणाला, "मी फक्त तेल घालतो." बरोबरचे कामगार आपापल्या चपलांचे अंगठे तपासत राहिले. न्यायाधीशांनी निकालात माझं कौतुक केलं: यंत्राला ना मित्र ना शत्रू, ते खोटं बोलत नाही. सबब, जन्मठेप. एवढं मोठं प्रशस्तिपत्र आमच्या खानदानात कोणाला मिळालं नव्हतं. मी शरमेने मेले नाही, कारण पोलादाला ती सोय नाही.

लांब्या तुरुंगात गेला, मी मुद्देमालाच्या खोलीत. त्याची थोरली बहीण, ताई, शिवणकाम करायची. ती कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली.

"बाई, यंत्र कधी खोटं बोलतं का?" कारकून हसून विचारायचा.

"आपण होऊन नाही बोलत. शिकवलं तर बोलतं."

नवव्या वर्षी तोच पहारेकरी, आता निवृत्त, तिच्याकडे पँटची कंबर सैल करायला आला. पँट हे निमित्त.

"ताई, मी साहेबांकडून लेखी घेतलं होतं. पंधरा पुढे, पस्तीस मागे. उद्या आपल्यावर यायला नको म्हणून. त्यांची सही आहे. मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलंय."

ताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "नऊ वर्षं झाली, काका."

"नोकरी होती ना."

"आणि आता?"

"आता पेन्शन सुरू झाली."

तिने माप घेतलं. "कोर्टात याल?"

"येतो. पँट तेवढी शनिवारपर्यंत द्या."

पुढे माझ्या झाकणाचे चार स्क्रू काढायला दोन वर्षं लागली. पहिला अर्ज फेटाळला: सील तोडणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. दुसरा फेटाळला: आत कागद आहे हे आधी सिद्ध करा. तिसरा हरवला. चौथ्याच्या वेळी तज्ज्ञ रजेवर होते. अखेर एका नव्या न्यायाधीशबाईंनी शिपायाला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितलं. चार मिनिटांत कागद टेबलावर आला. सही सुंदर होती, वळणदार.

लांब्या सुटला. पस्तीस वर्षांचा, थोडा वाकलेला. निकालात लिहिलं होतं, "यंत्रातील बिघाडामुळे." माझ्यात बिघाड कधीच नव्हता. बिघाड बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आमचा तुझ्यावर पहिल्यापासून विश्वास होता बरं का," साहेब लांब्याला म्हणाले.

ताई म्हणाली, "सही तर येते तुम्हाला. हेही लिहून द्यायचं होतं."

लांब्या पायऱ्या उतरून गेला, आणि मला भंगारात काढायचा हुकूम निघाला.

मित्रांनो, शेवटी 'आमची निगा राखा' असं सांगायची आम्हा वस्तूंत पद्धत आहे. माझी निगा उत्तम होती. कारखान्यात रोज तेल मिळालं, कोर्टात दर वर्षी मोजदाद झाली, अंगावर एक ओरखडा नाही. त्या अकरा वर्षांत लांब्याकडे असं कोणी पाहिलं नाही. तेव्हा कोणी यंत्र पुढे करून माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी स्क्रू-ड्रायव्हर मागा. देणार नाहीत. तरी मागा.